मनोरीचा समुद्रपाणी प्रकल्प: दुष्काळी वर्षाचं ठीक, पण चांगल्या पावसाच्या वर्षी बिल कोण भरणार?

पाणवठा (धागाकर्ता)

मे महिना आला की मुंबईच्या सात तलावांचे टक्के रोज पेपरात यायला लागतात, आणि पाठोपाठ "एवढा समुद्र असताना" हे पालुपदही. २०२३ आणि २०२४ ला पावसाळ्याच्या तोंडावर १० टक्के पाणीकपात झाली तेव्हाही हेच ऐकलं. धरण उशाला नि कोरड घशाला ही म्हण आपण खेड्यांसाठी वापरतो, पण मुंबईच्या उशाला तर अख्खा अरबी समुद्र आहे.

मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प ठरला, त्याचा अहवाल बनवण्यासाठी जून २०२१ मध्ये एका इस्रायली कंपनीशी करार झाला. रोज २०० दशलक्ष लिटर, पुढे ४०० पर्यंत वाढवता येईल असा. त्यानंतर निविदांची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. मी या प्रकल्पाच्या बाजूचा आहे हे आधीच सांगतो. पण हिशेब मांडून बाजू घ्यावी म्हणून हा धागा.

हजार लिटर समुद्राचं पाणी गोडं करायला आजच्या चांगल्या यंत्रणेत साडेतीन युनिट वीज धरा. २०० दशलक्ष लिटरला रोज ७ लाख युनिट. ८ रुपये युनिट धरलं तर हजार लिटरमागे नुसती वीज २८ रुपये. सुरुवातीला प्रकल्पाचा जो आकडा फिरत होता तो बांधणी आणि वीस वर्षं चालवणं मिळून साडेतीन हजार कोटींच्या आसपासचा. त्याला वीस वर्षांच्या पाण्याने भागलं तर हजार लिटरला २४ रुपये येतात. विजेचेच २८ होत असतील तर २४ रुपयांत पाणी मिळणारच नाही. चेन्नईच्या मिंजूर प्रकल्पाचा २०१० चा करारातला दर ४८ रुपये ६६ पैसे होता. म्हणून मी आज ६० धरून चालतो.

पाच माणसांचं घर, माणशी १३५ लिटर, म्हणजे महिन्याला साधारण २० हजार लिटर. पालिकेच्या आजच्या घरगुती दराने (हजारी ६ रुपयांच्या आसपास) १२० रुपये. समुद्राच्या पाण्याने १,२०० रुपये.

माझा खरा प्रश्न मात्र या १,२०० चा नाही. तलाव भरून वाहतात त्या वर्षी हे पाणी कुणी घेणार नाही, तरी कारखान्याचे हप्ते आणि पगार चालूच राहणार. ते पैसे कुणाच्या खिशातून?

शोभाताई_मिरारोड

पाणवठा, महाग कुणाला ते आधी सांगा. आमच्या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये दहा हजार लिटरचा टँकर अडीच हजाराला येतो. म्हणजे हजार लिटरला २५०. तुमचे ६० मला स्वस्त आहेत. आणि वस्तीतल्या बाया जो कॅन विकत घेतात त्याचा हिशेब करायला बसलात तर डोळे पांढरे होतील.

सहा रुपयांचं पाणी ज्यांच्या नळाला चोवीस तास येतं त्यांनाच साठ महाग वाटतात. बाकीचे आधीच त्याच्या चौपट भरतायत, फक्त पालिकेला नाही, टँकरवाल्याला. मेमधला टँकर काही सुटलेला नाही.

भटक्या_विमुक्त

शोभाताईंना अनुमोदन. वाचतोय.

मेलबर्नकर

धागाकर्त्यांनी शेवटी जो प्रश्न विचारलाय तो आम्ही इथे भरून पाहिलाय, म्हणून लिहितो.

जून २००९ मध्ये मेलबर्नची धरणं २६ टक्क्यांच्याही खाली गेली होती. दहा-बारा वर्षांचा दुष्काळ. बागेला पाणी घालायचे वार ठरलेले, आंघोळीच्या पाण्याची बादली भरून झाडांना, शेजारी शेजाऱ्यावर नजर ठेवून. त्या भीतीच्या दिवसांत वॉनथॅगीच्या प्रकल्पाचा करार झाला: वर्षाला १५० अब्ज लिटर, शहराच्या गरजेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं. २०१० ला पाऊस परतला. प्रकल्प डिसेंबर २०१२ ला तयार झाला तेव्हा धरणं भरत आली होती. पाण्याची पहिली ऑर्डर २०१६ ला निघाली आणि पाणी २०१७ च्या मार्चमध्ये आलं. मधली चार वर्षं एक थेंब न घेता वर्षाला ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात पैसे दिले गेले, कारण करारच तसा होता. ते पाण्याच्या बिलातून आमच्याकडूनच वसूल झाले.

तेव्हा मीही चिडलो होतो. आज मत थोडं वेगळं आहे. पुढे शहर वाढलं, पाऊस पुन्हा कमी झाला, आणि ते पाणी नसतं तर धरणं आणखी खाली गेली असती. प्रकल्प चूक नव्हता. घाबरलेल्या सरकारने, पुढची सत्तावीसेक वर्षं बांधून घेणारा, गरजेपेक्षा मोठा करार केला, ही चूक. समोरच्या पार्टीला माहीत होतं की तुमच्याकडे थांबायला वेळ नाही.

पर्थचं उलट. तिथला पाऊस सत्तरच्या दशकापासून उतरला तो परत वर आलाच नाही. त्यांचा पहिला प्रकल्प २००६ ला सुरू झाला आणि चालूच आहे. आज शहराच्या पाण्याचा मोठा हिस्सा समुद्राचा. त्यांना रिकामा कारखाना पोसावा लागला नाही.

म्हणून मुंबईबद्दल आधी हे ठरवा की तुमचं दुखणं मेलबर्नचं की पर्थचं.

पाणवठा

मेलबर्नकर, हे नेमकं हवं होतं.

माझ्या मते दोन्हीचं नाही. आपल्या तलावक्षेत्रात वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर सहज पडतो. मुंबईची टंचाई म्हणजे बहुतेक वेळा मृग कोरडा जाणं, पाऊस तीन आठवडे लांबणं. त्या तीन आठवड्यांसाठी कारखाना बांधायचा तर वेडेपणा आहे. शिवाय शहराला रोज ४,००० दशलक्ष लिटरच्या आसपास पुरवठा होतो. १० टक्के कपात म्हणजे ४००. मनोरीचे २०० आले तरी कपात अर्धीच टळते.

म्हणजे दुष्काळावरचा उपाय म्हणून मनोरी विकणं मुळात चूक. वाढत्या शहराची रोजची गरज म्हणून, बारा महिने चालवायचा असेल तरच तो बांधावा. मग त्याची तुलना गारगाई धरणाशी आणि गळतीशी करावी लागते. गारगाई ४४० दशलक्ष लिटर देईल, पण त्यासाठी पालघरमधली गावं उठणार आणि लाखोंनी झाडं जाणार. आणि गळती-चोरी मिळून शहराचं पावभागाहून जास्त पाणी हिशेबाबाहेर जातं. पावभाग म्हणजे हजार दशलक्ष लिटर. पाच मनोऱ्या.

मेम्ब्रेनवाला

माझं पोट याच धंद्यावर आहे, त्यामुळे माझं मत त्या हिशेबाने घ्या. काही वर्षं चेन्नईत काढली आहेत.

आधी चेन्नई, कारण ते उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचं. २०१९ च्या जूनमध्ये पूंडी, चोलावरम, रेड हिल्स, चेंबरंबक्कम हे चारही जलाशय आटले. रोजचा पुरवठा ८३० वरून ५२५ दशलक्ष लिटरवर आणला. जोलारपेट्टईहून पाण्याची रेल्वे आली, तिचे फोटो जगभर गेले. एका रेल्वेत २५ लाख लिटर. त्याच वेळी मिंजूर आणि नेम्मेली हे १००-१०० चे दोन प्रकल्प रोज जे देत होते ते अशा सत्तरेक रेल्वेगाड्यांइतकं होतं, त्याचे फोटो कुणी काढले नाहीत. तेव्हापासून तिथे हा वाद जवळजवळ मिटला. नेम्मेलीला १५० चा दुसरा प्रकल्प २०२४ ला सुरू झाला, पेरूरला ४०० चा होतोय.

आता पुढच्या आशेबद्दल. लोक विचारतात, तंत्रज्ञान सुधारलं की स्वस्त होईल ना? सत्तरच्या दशकात हेच काम करायला आजच्या चार-पाच पट वीज लागायची. पडदे (मेम्ब्रेन, म्हणजे पाणी जाऊ देऊन मीठ अडवणारी गाळणी) सुधारले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाहेर फेकल्या जाणाऱ्या खाऱ्या पाण्यात उरलेला दाब परत वापरायची यंत्रं आली. आता तीन-साडेतीन युनिटवर आहोत. समुद्राच्या पाण्यातून निम्मं गोडं काढायला निसर्गनियमानेच एक युनिटच्या खाली जाता येत नाही, आणि प्रत्यक्षात पाणी खेचणं, गाळणं, पुढे ढकलणं यालाही वीज लागते. म्हणजे आणखी थोडं खाली येईल, पण विजेच्या दिव्यासारखी किंमत कोसळेल ही आशा ठेवू नका. दर उतरतो तो स्वस्त विजेने आणि स्वस्त कर्जाने. इस्रायलच्या सोरेक-बी प्रकल्पाचा दर घनमीटरला (म्हणजे हजार लिटरला) ०.४१ डॉलर लागला तो मोठा आकार, हाताशी नैसर्गिक वायू, पंचवीस वर्षांचा करार आणि भूमध्य समुद्राचं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी यांमुळे. तो दर कापून मनोरीवर चिकटवू नये.

स्वच्छ पाण्यावरून एक गोष्ट सांगतो. प्रकल्पात सकाळी पहिलं काम कुठलं, तर एसडीआय काढायचं, म्हणजे गाळलेल्या पाण्यात पडदे चोंदवणारा गाळ किती उरलाय ते मोजायचं. रुपयाच्या नाण्याच्या साधारण दुप्पट रुंद, पांढरीशुभ्र गाळणीची चकती, ०.४५ मायक्रॉनची. गाळून झालेलं समुद्राचं पाणी ठरावीक दाबाने पंधरा मिनिटं तिच्यातून सोडायचं. सुरुवातीला अर्धा लिटर भरायला किती सेकंद लागले आणि पंधरा मिनिटांनी किती, यावरून आकडा निघतो. तीनच्या खाली असला की जीव भांड्यात. पण अनुभवी ऑपरेटर आकडा काढायच्या आधी चकतीकडे बघतो. फिकट पिवळी निघाली तर ठीक. तपकिरी, चिकट, बोटाला बुळबुळीत लागणारी निघाली की समजायचं समुद्रात काहीतरी फुललंय किंवा गाळ आलाय, आणि पुढची भांडणं आता पडद्यांवर. असं पाणी साठ बारच्या दाबाने पडद्यावर मारलं तर पडदे चोंदतात, वीज वाढते, धुणं वाढतं.

मनोरीला पावसाळ्यात खाडीचा गाळ आणि वर्षभर शहराचं मैलापाणी. म्हणून तिथे पाणी किती लांबून आणि किती खोलातून घेतात यावर सगळं आहे. केपटाऊनने २०१८ ला घाईघाईत छोटे तात्पुरते प्रकल्प उभारले, त्यातला बंदराजवळचा प्रकल्प समुद्राचं पाणी करारात सांगितल्यापेक्षा घाण आहे या वादातच अडकला. ते शहर वाचलं ते मुख्यतः लोकांनी वापर निम्म्यावर आणला म्हणून आणि नंतर पाऊस आला म्हणून.

दर्यावर्दी_गोराई

सगळ्यांचे आकडे वाचले. आमचा आकडा कुणी मांडला नाही.

मनोरी-गोराई-उत्तन हा पट्टा डोलीच्या मासेमारीचा. आमची जाळी एका जागी बांधलेली असतात, भरती-ओहोटीच्या ओढीवर मासळी आत येते. बोंबील, जवळा, करंदी. ट्रॉलरसारखं आम्हाला उठून दुसरीकडे जाता येत नाही, कव म्हणजे आमची ठरलेली जागा, ती बापजाद्यांपासून. तिथल्या पाण्याची ओढ बदलली किंवा तळाचं पाणी बिघडलं तर आमचा धंदा तिथल्या तिथे संपला. किनाऱ्यावर बोंबील सुकवायच्या वलांड्या आहेत, त्यावर कामं करणाऱ्या बायका आहेत, त्यांचं नाव तर मच्छीमारांच्या यादीतही नसतं.

मेम्ब्रेनवाला साहेब, निम्मं पाणी गोडं केलं तर उरलेल्या निम्म्यात सगळं मीठ. ते कुठे सोडणार? आणि पाणी खेचताना जी अंडी-पिल्लं आत जाणार त्यांचं काय? विरोधासाठी विरोध करत नाही. पाणी आम्हालाही विकतच घ्यावं लागतं.

मेम्ब्रेनवाला

दर्यावर्दीदादा, प्रश्न बरोबर आहे, आणि "काही होत नाही" असं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

समुद्रात लिटरला ३५ ग्रॅम मीठ असतं, परत जाणाऱ्या पाण्यात साठच्या पुढे. ते जड असतं, तळाशी बसून पसरतं. म्हणून ते समुद्रात आत नेऊन नळीच्या बऱ्याच तोंडांतून जोराने वर फवारतात, म्हणजे थोड्या अंतरात मिसळून जातं. उघड्या समुद्रात, चांगल्या प्रवाहात हे जमतं. खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात जमत नाही. पिल्लांचं म्हणाल तर खेचायचा वेग अगदी कमी ठेवला की पोहणारी मासळी वाचते. अंडी आणि अगदी बारीक जीव वाचत नाहीत, ते जातात.

चेन्नईत नेम्मेलीजवळच्या सुलेरिकाट्टुकुप्पमच्या कोळ्यांची तक्रार मुख्यतः किनारा खचल्याची होती. म्हणजे नुसतं मीठ बघून भागत नाही, बांधकामाने वाळूचं येणं-जाणं अडतं तेही बघावं लागतं.

मांजराकाठ

लातूरचा आहे. चर्चा चांगली चालली आहे, पण धाग्यात 'दुष्काळी' शब्द आला म्हणून आलो आणि सगळी मुंबईच दिसली.

२०१६ ला आमच्याकडे पाण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावलं होतं. मिरजेहून जलदूत रेल्वे आली, आधी दहा डबे, मग पन्नास. पन्नास डब्यांत २५ लाख लिटर. शहराला तेवढाच आधार.

त्या वर्षीपासून दर उन्हाळ्यात कुणीतरी पुढारी भाषणात म्हणतो की समुद्राचं पाणी मराठवाड्याला आणू. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, मुलांना हेच गणित घालतो. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. हजार लिटर पाणी सहाशे मीटर नुसतं उचलायला १.६ युनिट, पंपाची झीज धरून सव्वादोन. शिवाय शेकडो किलोमीटर पाइपातलं घर्षण. म्हणजे गोडं करायला साडेतीन आणि आणायला जवळजवळ तेवढीच. प्यायला परवडेल एक वेळ. शेतीला? हेक्टरभर उसाला साधारण २ कोटी लिटर पाणी लागतं. पाणवठांच्या ६० रुपयांनी १२ लाख रुपयांचं पाणी. शंभर टन ऊस झाला, तीन हजार भाव मिळाला, तर ३ लाख. ठिबक लावून पाणी निम्मं केलं तरी नुसत्या पाण्याचा खर्च उत्पन्नाच्या दुप्पट.

तेव्हा समुद्र आमच्यापर्यंत येणार नाही हे धरूनच चला. पण मुंबईने समुद्राचं पाणी प्यायलं तर वरचं पाणी आमच्याकडे वळू शकतं. अप्पर वैतरणा धरण नाशिक जिल्ह्यात, घाटमाथ्यावर, गोदावरीच्या खोऱ्याला खेटून आहे. त्यात साधारण ८ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं आणि ते मुंबईला जातं. तिथून गोदावरी खोऱ्यातल्या मुकणे धरणाकडे वळवायची चर्चा जुनी आहे. मनोरी वर्षभर २०० ने चालली तर अडीच टीएमसीच्या थोडं वर होतं, ४०० ने चालली तर पाच. तेवढं जरी गोदावरीत उतरलं तरी जायकवाडीच्या वाटेवरच्या गावांना किती फरक पडेल बघा. इस्रायलने हेच केलंय. किनाऱ्यावरची शहरं समुद्राचं पाणी पितात आणि आता ते किनेरेत सरोवरातही सोडतात.

कोयनेचं तर विचारूच नका. ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी विजेसाठी घाटाखाली सोडतो, ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. एकीकडे घाटावरचं गोडं पाणी समुद्रात आणि दुसरीकडे समुद्रातलं पाणी वीज जाळून गोडं.

गोरेवाडा

नागपूरकराची भर. मांजराकाठ सरांनी इस्रायल सांगितलं, त्यातलं अर्धं राहिलं. ते लोक घरातून निघालेल्या सांडपाण्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त शुद्ध करून शेतीला देतात. महागाचं पाणी दोनदा वापरतात म्हणून परवडतं.

आमच्या भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं, तेवढं धरणाचं पाणी वाचतं. मुंबईत सात नव्या मलजल केंद्रांची कामं चालू आहेत, एकूण २,४६४ दशलक्ष लिटरची. ते पाणी पडद्यातून काढायला समुद्राच्या पाण्याच्या तिसरा हिस्साही वीज लागत नाही, कारण त्यात मीठच कमी. कारखाने, बांधकामं, बागा, रेल्वेचे डबे धुणं याला ते दिलं तर मनोरीएवढं पाणी सहज सुटेल.

शोभाताई_मिरारोड

पटलं. पण आमच्या सोसायटीच्या सांडपाणी यंत्राचं पाणी फ्लशला वापरा म्हटलं तर सभेत तीन वेळा ठराव पडला. वास येतो म्हणे. त्याच सभेत टँकरचा खर्च मात्र हात वर करून मंजूर.

भटक्या_विमुक्त

एक शंका. हे गोडं केलेलं समुद्राचं पाणी सतत प्यायल्याने काही अपाय?

मेम्ब्रेनवाला

पडद्यातून निघतं ते पाणी फार रिकामं असतं, चुनखडीतून फिरवून त्यात कॅल्शियम घालतात, नाहीतर पाइपही खातं. इस्रायलमध्ये मॅग्नेशियम कमी पडत असल्याची चर्चा आरोग्यवाल्यांत बरीच झाली आहे. मुंबईत २०० हे ४,००० मध्ये मिसळून येणार असेल तर तो प्रश्न फारसा उरत नाही.

पाणवठा

मांजराकाठ सर, वैतरणेच्या अदलाबदलीचा मुद्दा मी मनोरीच्या बाजूने मांडताना कधी वापरला नव्हता. आता वाटतं तोच सर्वांत जड आहे. फक्त तो करारात आधी यावा लागेल. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं तरी नगर-नाशिक आणि मराठवाडा दर काही वर्षांनी कोर्टात उभे असतात. मनोरी सुरू झाल्यावर "आता वैतरणा सोडा" म्हटलं तर मुंबई एक थेंब सोडणार नाही, वाढीव पाणी म्हणून पिऊन टाकेल.

मेलबर्नकरांकडून मी घेतलं ते हे की करार भरल्या तलावाच्या वर्षी, घाई नसताना करावा आणि आकार लहान ठेवावा. आणि जोडीला सिडनीसारखा लेखी नियम असावा. तिथे धरणं ६० टक्क्यांखाली गेली की प्रकल्प चालू, ७० च्या वर गेली की बंद, असं ठरवून ठेवलं होतं. मंत्र्याच्या मर्जीवर नाही.

मेलबर्नकर

सिडनीचा नियम पूर्ण उचलू नका. २०१२ ला बंद केलेला तो प्रकल्प पुन्हा पाणी द्यायला लागला २०१९ ला, आणि बटण दाबल्यावरही काही महिने गेले. मध्ये डिसेंबर २०१५ ला वावटळीने छप्परं उडाली, ती दुरुस्ती वेगळीच. बंद कारखान्यातली माणसं निघून जातात, हे सगळ्यांत महाग. कमी क्षमतेने का होईना, चालू ठेवण्याची अट घाला.

मेम्ब्रेनवाला

अगदी. पडदे औषधात बुडवून ठेवता येतात, ऑपरेटर ठेवता येत नाही.

दर्यावर्दी_गोराई

आमच्यासाठी करारात काय लिहायचं तेवढं कुणीतरी सांगा. "पर्यावरणाची काळजी घेतली जाईल" ही ओळ आम्ही खूप वेळा वाचली आहे.

मेम्ब्रेनवाला

दादा, पर्थचं उदाहरण मागा. त्यांचा पहिला प्रकल्प कॉकबर्न साउंड या बंदिस्त खाडीवर आहे. तळाच्या पाण्यातला प्राणवायू मोजत राहायचा आणि ठरलेल्या आकड्याखाली गेला की प्रकल्प थांबवायचा, अशी अट होती. २००८ मध्ये तसं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा प्रकल्प थांबला. मनोरीलाही असा आकडा लिहून मागा: मीठ किती, प्राणवायू किती, कुठल्या जागी, किती खोलीवर, आणि ओलांडला तर किती तासांत थांबायचं. मोजणी प्रकल्प चालवणाऱ्याने करायची नाही. आणि बांधकाम सुरू व्हायच्या आधी किमान दोन पावसाळे धरून आजचं पाणी मोजून ठेवायचं, नाहीतर उद्या "आधीपासूनच असं होतं" हे उत्तर तयार असतं.

दर्यावर्दी_गोराई

हे लिहून घेतलं. मोजायच्या जागा आम्ही दाखवू. कुणाची कव कुठे आहे, पावसाळ्याआधी तळ कसा असतो आणि नारळी पौर्णिमेनंतर कसा, ते आमच्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेतो आणि इथे कळवतो.